पंपाची जुनी रिंग आणि तात्यांची दोन बोटं

काटा अर्ध्या टाकीवर, आणि टाकी कोरडी ठणठणीत. शुक्रवारी दुपारी हिंदमाताच्या पुलावर सरिताताईंची स्कूल व्हॅन उभी होती, आत शाळेची पाच मुलं आणि मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी लालबागच्या गॅरेजमधून कॅन घेऊन स्कूटरवर पोहोचलो तेव्हा ताई चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किशोरदादा, पंप तुम्ही मंगळवारीच बदलला ना?"

"हो. पण काटा तीन दिवस जागचा हलला नाही, तुम्हाला संशय नाही आला?"

"मला वाटलं नवीन पंप आहे, ॲव्हरेज वाढलं असेल."

पेट्रोल ओतलं, मुलं घरी गेली आणि व्हॅन माझ्या गॅरेजमध्ये आली.

हल्लीच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच असतो, पेट्रोलमध्ये बुडालेला. त्याच सांगाड्याला एक तारेचा दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला फ्लोट. आपल्या फ्लशच्या टाकीतला फुगा आठवा, तसाच. पेट्रोल कमी झालं की फ्लोट खाली येतो आणि डॅशबोर्डवरचा काटा उतरतो. मंगळवारी मी घाईत सांगाडा तिरका उतरवला होता. दांडा टाकीतल्या पत्र्याच्या पडद्याला बरोबर मध्यावर अडकला होता. चूक माझी होती. दांडा सोडवला, टाकी चढवली आणि ताईंना मोठ्या ऐटीत सांगितलं, "आता निर्धास्त राहा."

शनिवारी सकाळी साडेसहाला फोन. "दादा, स्टार्टच होत नाहीये."

मी धावत त्यांच्या चाळीखाली गेलो. स्टार्टर खर्रखर्र फिरत होता, इंजिन मात्र पकडत नव्हतं. चौथ्या वेळेला पकडलं. तोवर पालकांनी मुलांना टॅक्सीत कोंबून नेलं होतं. दहा मिनिटांत त्यांच्या ग्रुपवर मेसेज आला: सोमवारी शेवटचं बघू, नाहीतर दुसरी व्हॅन लावू. ताईंनी फोन माझ्यापुढे धरला आणि परत घेतला. त्या पाच मुलांवर ताईंचं आणि त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांचं घर चालत होतं.

शनिवारचा दिवस मी त्या व्हॅनच्या मागे हात धुऊन लागलो. बॅटरी चेक केली, ठणठणीत. प्लग बदलले. स्कॅनर लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला विचारलं बाबा तुला काय होतंय. तो म्हणाला, काही नाही. प्रेशर गेज लावला, इंजिन चालू असताना तीन बार, हवं तेवढंच. दर दोन-तीन मिनिटांनी चावी मारून बघत होतो आणि दरवेळी अर्ध्या सेल्फमध्ये इंजिन चालू. संध्याकाळी हात वर केले. माझा स्वभाव मुळात उतावळा, त्यात तीस वर्षांचा अनुभव. त्यामुळे आपल्याला कळत नाहीये हे कबूल करायलाच मला फार वेळ लागतो. गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवली.

रविवारी सकाळी ताई आल्या. बरोबर त्यांचे वडील, तात्या. मूळचे मालवणकडचे, उभं आयुष्य परळच्या गिरणीत लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर काढलेलं. लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान कधीच गेलेत. ताई त्यांच्याशी बोलतात ते आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. गिरणीतल्या माणसांची ही जुनी रीत. खात्यात कानठळ्या बसायच्या, म्हणून सगळी बोलणी ओठांवरून आणि हातवाऱ्यांनी व्हायची. माझे वडीलही गिरणीतच होते. घरी ते आईशी असं मुक्यानं बोलायला लागले की लहानपणी मला कसंसंच व्हायचं.

चावी मारली. इंजिन पकडेना. पुन्हा कालचंच रडगाणं.

ताईंनी बॉनेटकडे हात करून तात्यांना ओठांनी काहीतरी सांगितलं. तात्या पुढे आले. "पेट्रोलचो पाइप खंयचो?"

मी मनात म्हटलं, आता हेच राहिलं होतं. पण वयाचा मान म्हणून इंजिनकडे जाणारा रबरी होज दाखवला. त्यांनी तो अंगठा आणि एका बोटाच्या चिमटीत धरला.

"चावी फिरव. चालू नको करू."

इंजिन चालू न करता नुसती चावी ऑन केली की पंप दोन सेकंद चालतो आणि पाइपात प्रेशर भरून ठेवतो. तसा तो चालला. मागून बारीक घरघर आली. तात्यांना ती ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"भरलो," तात्या म्हणाले.

मी पुढचं काही करायला वळलो, तर दुसऱ्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं. "थांब रे. घाई कित्याक?"

त्यांनी डोळे मिटले. एक मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली. मी ताईंकडे बघितलं, ताईंनी नजरेनेच गप्प राहा म्हणून सांगितलं. पाच-सहा मिनिटांनी तात्यांनी डोळे उघडले.

"गेलो."

"काय गेलं?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. "ताण. लूमवर धागो तुटाच्या आदी ढिलो पडता. डोळ्यांक दिसणा नाय, बोटाक कळता."

मी होज चाचपला. मला काहीही कळलं नाही. मग गेज जोडला, चावी ऑन केली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हाताची घडी घालून नुसता उभा राहिलो. काटा तीनवर गेला आणि हळूहळू उतरायला लागला. अडीच. दोन. दीड. पंप बंद झाल्यावर हे प्रेशर तासन् तास टिकायला हवं, तरच सकाळी चावी मारल्याबरोबर इंजिनाला पेट्रोल मिळतं. इथे ते गळून टाकीत परत जात होतं आणि रात्रभरात पाइप रिकामा होत होता. शनिवारी दर दोन मिनिटांनी चावी मारून मी त्याला रिकामा व्हायला वेळच दिला नव्हता.

पण माझी खोड जाईना. गेज तात्यांच्या पाठीमागे धरला आणि त्यांना पुन्हा होज पकडायला लावला. तीनदा केलं. तिन्ही वेळा काटा एकच्या खाली सरकला त्याच क्षणी पुढून आवाज आला, "गेलो." तिसऱ्या वेळी मी गेज खाली ठेवला. त्या माणसाने लूम सोडून कितीतरी वर्षं झाली होती, आणि बोटं अजून ड्युटीवर होती.

पुन्हा टाकी उतरवली. या वेळी पंप सांगाड्यापासून वेगळा केला. जोडावर एक रबरी रिंग असते, बांगडीसारखी, पण करंगळीत मावेल एवढी. तिच्यावर केसाएवढी चीर होती.

ती रिंग मी लगेच ओळखली. ती जुन्या पंपाची होती. माझ्या उस्तादांची शिकवण अशी, की बसलेलं रबर सोडायचं नाही, जुनी रिंग जपून ठेवायची. ते दिवस कार्ब्युरेटरचे, तेव्हा पाइपात प्रेशर नावालाच असायचं. मंगळवारी पंपाच्या खोक्यातली नवी रिंग मला बारीक वाटली म्हणून मी जुनीच चढवली. तीन दिवस तिने कसंबसं धरलं आणि मग ती चिरली. नवी अजून खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच पडून होती.

ताई दाराशी फोनवर एका पालकाशी बोलत होत्या. त्यांना सांगता आलं असतं, पीस डिफेक्टिव्ह निघाला. खोटं का बोलू, तो विचार मनात येऊन गेला. मी स्वतःशीच पुटपुटलो, "मीच घातली ही."

"तूच घातलंस?"

मान वर केली तर समोर तात्या. दोन फुटांवर उभं राहूनही कोणाला ऐकू गेलं नसतं इतकं हळू मी बोललो होतो. त्यांनी ते ओठांवरून उचललं होतं. रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "मगे तिका सांग."

मी सांगितलं. ताईंनी रिंग हातात घेऊन बघितली. "नवी होती, तरी जुनी घातली?"

"हो."

"बरं. उद्या साडेसहाला या."

त्याच संध्याकाळी नवी रिंग बसवली, टाकी चढवली आणि व्हॅन त्यांच्या चाळीखाली नेऊन लावली. सोमवारी सव्वासहालाच मी तिथे हजर. व्हॅन रात्रभर उभी, थंडगार. दोन मुलं आपापल्या आयांबरोबर आली होती, त्यातल्या एकीने टॅक्सीचं ॲप उघडून ठेवलेलं मला दिसलं. तात्यांनी व्हॅनच्या पत्र्यावर तळवा ठेवला. ताईंनी चावी फिरवली आणि पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं.

मी तात्यांकडे वळलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या वडिलांसारखं, आवाज न काढता नुसते ओठ हलवले: बरोबर?

"बरोबर!" तात्यांनी अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.

पाचही मुलं अजून त्याच व्हॅनने जातात. उस्तादांच्या शिकवणीप्रमाणे जुन्या रिंगा ज्यात साठवत होतो तो तंबाखूचा डबा मी त्याच दिवशी फेकून दिला. आणि आता पंपाचं काम झालं की गेज लावून, चावी ऑन करून दहा मिनिटं हाताची घडी घालून उभा राहतो. गिऱ्हाइकं विचारतात, किशोरदादा, काम झालं ना, मग काय करताय? मी सांगतो, थांबलोय.