जनाकाकीचा डबा

सकाळी वाळूवर जनाकाकीचा नवरा होडीचा जुना रंग खरवडत होता. काकीने होडीखाली जुनं लुगडं अंथरलं होतं. वाऱ्याने रंगाची एखादी कपची बाहेर उडाली की ती वाकून उचलायची आणि परत लुगड्यात टाकायची. मला हसूच आलं. एवढा मोठा समुद्र, आणि ही नखाएवढ्या कपच्या वेचतेय!

"रंगात विष आसता, बाय," ती म्हणाली. "कालवां होडयेक चिकटू नयेत म्हणान. ता पाण्यात गेला की मासळीच्या पोटात जाता."

आणि मासळीतून डॉल्फिनच्या. कधीतरी वाचलेलं आठवलं. शेतातली, कारखान्यांतली असली कितीतरी विषं डॉल्फिनच्या चरबीत साठत जातात आणि आईच्या दुधातून पिल्लात उतरतात, पहिल्या पिल्लात सगळ्यात जास्त. तेव्हा मी पान उलटलं होतं. आपल्या हातात काय आहे, असं म्हणायची मला भारी सवय.

काकीने लुगड्याची टोकं जुळवून गाठ मारली.

"याचं करणार काय?" मी विचारलं.

"घराकडे झाकणाचो डबो आसा, तेच्यात भरून ठेवतंय. खंय तरी ता साठतलाच ना? मगे माझ्या डब्यात साठांदे."

लांब पाण्यावर एक करडी पाठ वर आली, आणि तिला बिलगून एक इवलीशी. दोघी दिसेनाशा होईपर्यंत मी बघत राहिले. मग खाली पाहिलं, तर माझ्या चपलेला एक लाल कपची चिकटली होती. ती मी काकीपुढे धरली.

काकीने मारलेली गाठ पुन्हा सोडली.