सुताराची कवळी

आमचे सासरे सुतार. जन्मभर लोकांची दारं बसवली, आणि दुसऱ्यानं बसवलेलं दार जरा कुरकुरलं की यांच्या कपाळाला आठी. तोंडावर बोलण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. मी नवी नवरी म्हणून पहिला स्वयंपाक केला तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, "मीठ संपलंय का घरात?"

असा माणूस गेले काही महिने वाळत चालला होता. पँट पट्ट्यानं आवळलेली, ताटात अर्धं अन्न तसंच. विचारलं की, "भूक नाही." माझी आई अशीच झिजत गेली होती, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. सासऱ्यांचे रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेवटी त्यांना म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी वजन केलं, हात न टेकता खुर्चीतून उठायला लावलं, आज वार कोणता विचारलं.

"गुरुवार," सासरे म्हणाले. "आणि तुमचं हे दार खालून घासतंय."

बाई हसल्या. मग मला म्हणाल्या, "पोटाचा स्कॅन करावा लागेल बहुतेक. पण आधी चहा घेऊ."

वाईट बातमी सांगायच्या आधी लोक असाच चहा पाजतात.

चहाबरोबर बिस्किटं आली. सासऱ्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं, रुमाल तोंडाला लावला, घडी करून खिशात ठेवला आणि मग बिस्किट बुडवलं.

"आजोबा, खिशात काय गेलं?"

रुमालातून कवळी निघाली. बाईंनी टॉर्च मारला. हिरड्या पार सोलवटल्या होत्या.

"दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे हे हत्तीला शोभतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मी सगळ्यांना काहीतरी खायला लावते."

मी भडकलेच. "बाबा, अहो बोलायचं नाही का? आम्ही इथे काय काय मनात आणलं!"

"पोरीनं केलेली पहिली कवळी आहे," ते खाली बघत म्हणाले. "तिला नावं ठेवू?"

पोरगी म्हणजे माझी लेक, नुकतीच दातांची डॉक्टर झालेली. आजोबा तिचं पहिलं गिऱ्हाईक. ती येता-जाता विचारायची, "टोचतंय का?" आणि हे म्हणायचे, "झकास!"

"स्कॅन तूर्त राहू दे," बाई म्हणाल्या. "हिरड्या भरू द्या, कवळी नीट करा, महिनाभर पोटभर खा. मग वजन बघू." मी तिथेच रडले, आणि रडता रडता हसायलाही लागले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

घरी लेकीला सांगितलं. मला वाटलं ती हिरमुसेल, पण ती आजोबांवरच उखडली. "तुमचं दार बसतं का हो पहिल्या फटक्यात?"

"छे! रंधा मारावाच लागतो."

"मग?"

हिरड्या बऱ्या झाल्यावर एका रविवारी ती कवळी घासायला बसली. घालायची, काढायची, पुन्हा घासायची. "डावीकडे अजून लागतंय," सासरे सांगू लागले. "अगं, एवढं नको. हलका हात ठेव." आजोबा-नातीची तासभर जुंपली होती.

शेवटी मी सफरचंदाची फोड पुढे केली. सासऱ्यांनी ती कराकरा चावून खाल्ली, दुसरी मागून घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "जेवायला बसतो आता. आणि सूनबाई, कालच्या भाजीत मीठ नव्हतं."