चाचांची भांग

बेटावर जाऊ नका, असं आम्हाला कुणीच म्हणालं नाही. सासूबाईंचं म्हणणं एवढंच होतं की तुम्ही दोघं जा, पोर इथं राहू दे.

"तिथं शेजार नाय, वैद नाय, चारी अंगांनी पानी. तुमचं बस्तान बसू दे गो, मग ने पोरीला."

पोर नऊ महिन्यांची होती. तिच्या आधीचा मुलगा महिनाभरही जगला नव्हता. सासूबाई काळजीनं बोलत होत्या हे मला आज कळतं. तेव्हा मी डोक्यात राख घालून म्हणाले, "पोर माझ्याजवळ राहील. मला नाही सांभाळता आली, तर माझ्या हातांनी आणून तुमच्या ओटीत घालीन." रागाच्या भरात मी नेहमीच गरजेपेक्षा एक वाक्य जास्त बोलत आले आहे.

मुंबईला गिरणीत यांची छाती धरली होती. डॉक्टरांनी उघड्या हवेत राहा म्हणून सांगितलं. गावी कापड्याला घरात तीन भावांचे संसार होते, हवा सोडाच, हातरूण टाकायला जागा नव्हती. अशात महाडच्या एका खोताला सावित्रीच्या खाडीतल्या बेटावर राहून भातशेती करणारं कुणीतरी हवं होतं. सव गावाच्या थोडं खाली, पात्राच्या मधोमध ते बेट. शिमगा झाल्यावर अष्टमीला आम्ही होडीतून तिथं उतरलो. दोन ट्रंका, जातं, कारवीच्या काठ्यांचे भारे आणि माझ्या कडेवर पोर.

बेटावर आधीच्या राखणदाराची झोपडी होती. तिचं जोतं माझ्या छातीइतकं उंच, वर चढायला पाच दगडी पायऱ्या. आणि अंगणाभोवती कमरेइतका मातीचा बांध. मला पाहताक्षणी राग आला. गोडं पाणी सवहून होडीनं यायचं. भरलेली घागर घेऊन आधी बांध ओलांडायचा आणि मग पाच पायऱ्या चढायच्या. वर आत चूल पेटवली की धुरानं यांना खोकल्याची उबळ. ज्यानं हे घर बांधलं, त्याच्या घरी पाणी भरायला बाईमाणूस नसणार, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागले. झोपडीच्या बाजूला खाली जमिनीवरच स्वयंपाकाची पडवी काढायची, धक्क्याच्या बाजूनं बांध फोडून वाट करायची, आणि फोडलेल्या बांधाचीच माती चुलीला आणि जमिनीला वापरायची. एका कामात दोन कामं. यांनी कारवीचा कुड उभा केला, वर पेंढा घातला. बांध मात्र मीच फोडला. चिकणमाती कुदळीखाली लोण्यासारखी निघत होती आणि मी खुशीत होते.

तिसऱ्या दिवशी आमचे नावाडी पाणी घेऊन आले. मुसलमान, साठीकडे झुकलेले, सगळे त्यांना चाचाच म्हणत. त्यांनी घागरी उतरवल्या आणि माझ्या कुदळीकडे बघत उभे राहिले.

"बांध नको फोडू गो पोरी. आता भांग हाय म्हणून तुला असा दिसतोय."

मी पदर तोंडाला लावून आत गेले आणि यांना म्हणाले, "म्हातारा सकाळी सकाळीच भांग घेऊन आलाय. वर मला सांगतोय."

हे हसले. "होडीवरचं माणूस. घेत असेल थोडी."

आम्ही दोघंही डोंगरातली. आमच्या नदीला पाणी चढतं ते पाऊस पडला तर. इथलं पाणी दिवसातून दोनदा वर येतं आणि उतरतं एवढं मी पाहिलं होतं. मी तशी अडाणी नाही, चार बुकं शिकलेली. पहिल्या दिवशी पाणी जिथवर आलं तिथं मी खुणेची काठी रोवली होती. चौथ्या दिवसापर्यंत पाणी काठीच्या आतच राहिलं. पुढं ते रोज थोडं थोडं काठी ओलांडून येऊ लागलं. मी काय केलं? काठी उपटली आणि मागे रोवली. असं मी तीनदा केलं. पडवी पाडव्याच्या आत पुरी करायची होती, बाकी कशाला सवड नव्हती.

पाडव्याला सकाळी यांनी गुढी उभारली आणि चाचांच्या होडीनं महाडला गाठी आणायला गेले. निघताना चाचा बांधाच्या खिंडाराकडे बघून काहीतरी पुटपुटले. मी लक्ष दिलं नाही. पडवीतल्या खांबाला आणि कुडाच्या मेढीला झोळी बांधून मी पोरीला निजवलं, चुलीवर खीर ठेवली आणि गूळ काढायला वर झोपडीच्या माळ्यावर गेले.

दुपार होती. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

खालून चर्र असा आवाज आला. मला वाटलं, खीर उतू गेली. गुळाचा खडा हातात घेऊन मी दारात आले, तर अंगणच दिसेना. खिंडारातून पाणी घुसत होतं, आवाज न करता, सरळ माझ्या पडवीकडे. चूल विझली होती. मी पायऱ्या उतरले तर तिसऱ्या पायरीवरच पाय पाण्यात गेला. पडवीत शिरले. माझ्या हातची सारवलेली जमीन पायाखाली चिखल होऊन सरकत होती. खांब त्याच ओल्या मातीत रोवलेला, तो कलला होता. झोळी खाली आली होती आणि तिचं बूड भिजलं होतं.

पोर जागी होती. रडत नव्हती. ओल्या कापडावर हात आपटून खेळत होती.

मी तिला कशी उचलली ते आठवत नाही. पायऱ्यांवर दोनदा घसरले एवढं आठवतं. वर पोहोचले आणि मागं कुड बसला. पेंढ्याचं छप्पर बांधाला अडकून हलत राहिलं. पाणी आणखी चढत होतं. ते कुठवर येईल, हे मला ठाऊक नव्हतं आणि सांगायला बेटावर कुणी नव्हतं. माळ्यावर चढावं, तर झोपडीच बसली तर? गुढीच्या काठीला पोरीला बांधावं, असंसुद्धा माझ्या मनात आलं.  आणि सगळा वेळ डोक्यात सासूबाई होत्या, ओटी पसरून बसलेल्या.

तेवढ्यात होडी दिसली. चाचा एकटेच होते. भरतीचं पाणी महाडकडे धावत होतं आणि हे म्हातारं माणूस त्याच्या तोंडावर वल्ही मारत येत होतं. होडी खिंडारातून सरळ पायऱ्यांशी आली. सदरा घामानं अंगाला चिकटला होता. धापा टाकतच त्यांनी विचारलं,

"पोर?"

मी पदर बाजूला केला. त्यांनी डोळे मिटले.

"बस आता. चौथी पायरी नाय चढायचं. ज्यानं घर बांधलं त्यानं मोजून बांधलंय." मग म्हणाले, "तुझ्या मानसाला बाजारात सोडला नि उलटा फिरलो. सकाळी खिंडार बघितलं तवाच जीवाला लागलं होतं. आज उधाण, गो. अवसेनंतरचं."

"आणि भांग?" मी विचारलं.

"अष्टमीच्या आसपास पानी दुबळं असतं, बांधाला शिवत पन नाय. त्याला आमी भांग म्हनतो. तवा सांगितलं होतं की तुला."

मला रडू फुटलं. मी तुम्हाला भांग पिणारा समजत होते, हेही सांगून टाकलं. चाचा हसले नाहीत. "माझं ऐकलं असतंस तर मला असं यायला लागलं नसतं," एवढंच म्हणाले आणि होडी खुंट्याला बांधून पाणी उतरेपर्यंत पायरीवर बसून राहिले.

संध्याकाळी चाचांच्या होडीतून हे आले. मला बोल लावतील म्हणून मी वाट पाहत होते. यांनी पोरीच्या गळ्यात साखरेची गाठी घातली आणि बाहेर जाऊन चिखल उपसू लागले. दोन दिवसांनी मीच म्हणाले, "मला कापड्याला सोडा."

बांध पुन्हा उभा राहून सुकेपर्यंत आणि पावसाळा सरेपर्यंत पोर तिथं राहावी असं मी ठरवलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी पोरीला त्यांच्या ओटीत ठेवलं. त्यांनी मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "चहा घे गो, लांबून आलीस."

पावसाळाभर आम्ही दोघं बेटावर राहिलो. बांध मी छातीइतका केला. एकही खिंडार ठेवलं नाही. घागर घेऊन तो चढताना कंबर मोडायची आणि मला तेच हवं होतं.

दसऱ्याला मी तिला आणायला गेले. दिवस चाचांनीच काढून दिला होता, दशमी, भांगाचा. पोर चालायला लागली होती. मला पाहून ती सासूबाईंच्या लुगड्यामागे लपली आणि त्यांना "आई" म्हणाली.

सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "अगो, ती बघ तुझी आई. जा," म्हणून त्यांनी तिला दोनदा पुढं ढकललं. दोन्ही वेळा ती मागं फिरली. शेवटी मी तिला उचललं, तर ती महाडपर्यंत गाडीत रडत होती.

होडी निघाली तशी ती पाणी पाहून गप्प झाली. मग तिनं माझी मान दोन्ही हातांनी घट्ट धरली. पाण्याला भिऊन धरली, हे मला कळत होतं. चाचांना मी होडी जरा हळू न्यायला सांगितली.