शिवराजची राहिलेली फायनल

पुण्याला पोस्टिंग झाली तेव्हा मी फौजेत हवालदार होतो, युनिटच्या पोहण्याच्या टीमचा कोच. नायक शिवराज आमचा बटरफ्लायचा चॅम्पियन. तो आळंदचा, मी चिंताकीचा, दोघंही बिदरच्या बाजूचे, म्हणून मला 'अण्णा' म्हणायचा. पहाटे पूल, मग परेड, संध्याकाळी पुन्हा पूल. गडी पोहायला शिकला विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. तो पाण्यात उतरला की अर्धी टीम त्यालाच बघत बसायची. मी ओरडायचो खरा, पण बघायचो मीही.

ओळीनं तीन वर्षं सुवर्ण त्याचंच. चौथ्या फायनलला तो पुढे असताना गळ्यातल्या, कधी अंगावेगळं न करायच्या इष्टलिंगाचा दोरा तुटला. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम भिंतीला लागावे लागतात. यानं एका हातानं लिंग छातीशी धरलं आणि दुसऱ्यानं भिंत गाठली. पहिला आला आणि बाद झाला.

मी भडकलो. "कामून केलास रे असं?"

"ते पाण्यात गेलं असतं तर अव्वाला कोणतं तोंड दाखवू, अण्णा?"

अव्वा म्हणजे त्याची आई. त्या फायनलपासून त्याचा पाय एका जागी ठरेना. जेवता जेवता उठायचा, सुट्टीलाही पुलावर. "पुढली फायनल आपलीच," एवढंच बोलायचा. त्याची बेचैनी मलाही लागली.

ती फायनल तोंडावर आली आणि पूर आला. टीम मदतीला निघाली.

"शिवराज, तू बोटीतच राहायचं," मेजरसाहेबांनी बजावलं. "फायनल आहे तुझी."

"यस सर."

दुपारी वायरलेसवर निरोप आला. "शाळेच्या छपरावर बाई आणि लेकरू. ओढ फार आहे, बोट टेकत नाही. ओव्हर."

शिवराज कमरेला दोर बांधू लागला.

"मेजरसाब काय म्हणले?" मी विचारलं.

"ऐकलंय की. पण दुसरं कोण जायलंय?"

मी वायरलेसवर परवानगी मागितली. उत्तर आलं, "गो."

त्यानं लेकरू आणलं, मग बाई आणली. तिला बोटीत ढकलत असताना वाहत आलेलं झाड त्याच्यावर आदळलं. आम्ही दोर ओढला. तो वर आला, पण श्वास नव्हता.

त्याला आळंदला मीच घेऊन गेलो. अव्वांना सांगितलं, चॅम्पियन होता, दोन जीव वाचवले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पवायला येत नसतं," त्या म्हणाल्या, "तर माघारी आला असता की रे."

आता मी रिटायर होऊन बिदरला, मैलूरमध्ये राहतो. नातीला पोहायला शिकवा, म्हणून सून मागे लागली आहे. मी नातीला अजून पाण्याजवळ नेलेलं नाही.