दोन महिन्यांत सिक्स पॅक

परवा विंझरला दशक्रियेला गेलो होतो. फाट्यावर गाडी लावली आणि समोर दत्ताचा फ्लेक्स... 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्यावरचा फोटो मीच काढलेला होता.

मी भोरमध्ये छोटी जिम चालवतो, बऱ्याच जणांना माहीत आहे. दत्ता माझा शाळेपासूनचा मित्र, वेल्ह्याहून पुण्याला भाजीचा टेम्पो न्यायचा. दिवसभर बसून पोट सुटलेलं आणि लग्न काही जमत नव्हतं. एका मुलीकडच्यांनी तर पोटावरूनच नकार कळवला होता.

ते त्याच्या फार मनाला लागलं. उन्हाळ्यात पठ्ठ्याने मोबाईलवर जाहिरात बघून अ‍ॅब्ज रोलर मागवला. म्हणजे मधे चाक, दोन बाजूंना मुठी... गुडघ्यावर बसायचं आणि पुढे-मागे लोटायचं.

मी त्याला धू धू धुतला. अरे बाबा, त्याने पोटाचे स्नायू घट्ट होतात, वरची चरबी जात नाही. ती जेवणातून आणि एकूण मेहनतीतून जाते, आणि ती गेल्याशिवाय सिक्स पॅक दिसत नाहीत... हे भाषण मी रोज एकाला तरी देतो. तोंडपाठ आहे.

तरी हा रोज संध्याकाळी यायचा आणि कोपऱ्यात चाक फिरवत बसायचा. आणि खरंच पोट उतरायला लागलं. पट्टा तीन भोकं आत गेला. खाणं तर उलट वाढलेलं... दोन लिटरची पाण्याची बाटली एका बैठकीत संपवायचा आणि मधेच चार वेळा बाथरूमला पळायचा. आम्ही त्यावरूनही हसलो. भरपूर पाणी पी, चांगलं असतं, असं मी वर सांगितलं. ट्रेनर ना मी!

एक दिवस त्याने बनियन काढलं आणि सगळी जिम बघत राहिली. सिक्स पॅक होते, खरेखुरे. दर आठवड्याला काढायचो तसा मी फोटो काढला... हातात रोलर, चेहऱ्यावर हे एवढं हसू. बायोडेटाला हाच लावणार म्हणाला.

आठवड्याभरात तोच फोटो घालून मी चौकात जिमचा फ्लेक्स लावला. 'फक्त दोन महिन्यांत!' लोक विचारायला येऊ लागले, चार-पाच जणांनी रोलरही मागवले. माझं ते भाषण मी गुपचूप बंद केलं. धंदा चालतोय ना, मग कशाला बोला.

एकट्या त्याच्या आईला ते पटलं नव्हतं. काकी बाजाराला आल्या होत्या, तेव्हा त्या फ्लेक्सखाली थांबल्या आणि मला म्हणाल्या, "आरं, पोरगं वाळाय लागलंय. ह्यात कवतिक कसलं?"

मी हसण्यावारी नेलं. काकी, आता हीच फॅशन आहे, म्हटलं.

मग एका सकाळी दत्ताला उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली. त्याला वाटलं रोलर जरा जास्त झाला... मलाही तसंच वाटलं. दोन दिवस आराम कर, असं फोनवर मीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो बोलता बोलता बेशुद्ध पडला.

दवाखान्यात बोटाला सुई टोचली, तर शुगर इतकी की मशीनवर आकडाच येईना. रक्तात साखर होती पण शरीराला ती वापरता येत नव्हती, म्हणून ते आपलीच चरबी आणि मांस जाळत होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वजन कधीपासून उतरतंय, असं त्यांनी विचारलं. मी मोबाईल काढला. तारखेसकट फोटो होते माझ्याकडे, ओळीने.

पुण्याला हलवलं. तिसऱ्या दिवशी गेला.

परवा काकींच्या समोर जायची हिंमत होत नव्हती. त्यांनीच हाक मारून जवळ बसवलं. घरात त्याचा धड फोटोच नव्हता, आधार कार्डावरचा तेवढा एक, असं सांगत होत्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुझ्यामुळं येक तरी चांगला फोटू हाय बग त्याचा. लई उपकार झालं रं."

तिथून उठून पळून जावंसं वाटलं. फ्लेक्सवाल्याने फोटो गळ्यापाशी कापलाय. खालचं पोट नाही, रोलर नाही... नुसता हसणारा दत्ता.

चौकातला माझा फ्लेक्स मी उतरवलाय. तुमच्या ओळखीचं कुणी भरपूर खाऊनही बारीक होत असेल, सारखी तहान लागत असेल, तर 'भारी दिसतोस' म्हणायच्या आधी त्याला शुगर तपासायला न्या. मिनिटभराचं काम आहे.

रोलरने पोट आत जात नाही, हे आमच्या सगळ्यांत मला एकट्याला पक्कं माहीत होतं. मग दत्ताचं कशाने गेलं... एवढंच मी विचारलं नाही.