चार नंबरच्या गोडाऊनची घंटा

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वाचून हसतो. पिंपळाखालची बाई, पाठीमागून आलेली हाक, आपोआप उघडलेलं दार... मी जन्मभर वायरमनकी केली. आमच्या धंद्यात गोष्ट साधी असते. तार असेल तर करंट जाईल, नसेल तर जाणार नाही. तिथे देवाचं चालत नाही आणि भुताचंही नाही. घरात कुणी असल्या गप्पा सुरू केल्या की मी पंखा दुरुस्त करायला उठतो, असं बायको अजून म्हणते.

तरीही आज लिहायला बसलोय. माझी थोरली बहीण, आक्का, गेल्या श्रावणात गेली. ती असेपर्यंत मला हे कागदावर आणायचं धाडस झालं नसतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, नगरच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे कामाला. शेवगावच्या बाहेर कापसाची एक जिनिंग फॅक्टरी होती, म्हणजे जिन नावाच्या यंत्रांवर कापसातली सरकी काढायची, तिथे फायर अलार्म बसवायचं काम आम्हाला मिळालं. विमावाल्यांनी अट घातली म्हणून, नाहीतर मालकाला कसली हौस! आमच्याकडे तोवर आग लागल्याचं कळायचं ते धूर दिसल्यावर.

आक्का शेवगावातच दिलेली. दाजी वारल्यावर ती याच फॅक्टरीत कापूस निवडायला जायची, म्हणजे चांगल्या कापसातून किडका-पिवळा बाजूला काढायचा. कामाचे ते पंधरा दिवस मी तिच्याकडेच उतरलो होतो.

आता थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका, सगळी गोम त्यातच आहे. फॅक्टरीत चार गोडाऊन. प्रत्येक गोडाऊन म्हणजे एक झोन. छताला उष्णतेने चालणारे गोल डिटेक्टर आणि दाराशेजारी काचेचा लाल डबा... आग दिसली की काच फोडायची. तिथून केबल ऑफिसच्या ओसरीवर यायची, आधी त्या त्या झोनच्या रिलेच्या डब्यात आणि मग मोठ्या पॅनेलला. रिले म्हणजे आगीचा इशारा आला की ओढली जाणारी पट्टी, ती ओढली की घंटा चालू. पॅनेलवर हिरवा दिवा म्हणजे लाइन ठीक, पिवळा म्हणजे तार तुटली, लाल म्हणजे आग. लाल लागला की ओसरीवरची मोठी घंटा वाजणार.

तार शाबूत आहे हे पॅनेलला कळावं म्हणून लाइनच्या अगदी शेवटी, पार आतल्या डिटेक्टरपाशी, बोटाच्या पेराएवढा एक रेझिस्टर लावतात. त्यातून बारीकसा करंट सतत फिरत राहतो. तो फिरतोय तोवर हिरवा दिवा. रेझिस्टर लाइनच्या टोकालाच लावायचा असतो, हे ध्यानात ठेवा. माझं पाप तिथेच आहे.

तीन झोन झाले. चौथ्याचे डिटेक्टर बसले, लाल डबाही बसला, आणि केबल संपली. चार नंबरचं गोडाऊन सगळ्यांत लांब, ओसरीपासून दीडशे फूट तरी. नवीन केबल पुण्याहून यायला आठवडा लागणार आणि विम्याचा साहेब तर गुरुवारी येणार! आमचे सुपरवायझर, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, विडी शिलगावत म्हणाले, "अरे, रेझिस्टर इथंच डब्यात लाव की. साहेबाला हिरवा दिवा दिसला म्हणजे झालं. केबल आली की टाकू."

मी लावला. दोन मिनिटांचं काम. पॅनेलवर चारही हिरवे दिवे दिसायला लागले. त्या काळी सर्रास असं करायचे, आणि आजही करतात, मला माहीत आहे. पॅनेलला वाटतं सगळं आलबेल आहे, आणि गोडाऊन आंधळं.

त्या दिवशी, मंगळवारी, संध्याकाळी जेवताना आक्का म्हणाली, "आमच्या चार नंबरला बी बशिवलं का रं तुजं ते?"

"बशिवलं की."

"न्हाई, इचारते. त्यो रंभाजी मुकादम आमाला आत घालून भाईरनं कडी लावतोय. कापूस ओटीत घालून नेऊ म्हनून. जिनाच्या आवाजात वराडलं तरी कुनाला ऐकू जातंय?"

कडी लावतात हे मला माहीत होतं. सगळ्याच फॅक्टऱ्यांत लावायचे. मुकादम म्हणायचा वाऱ्याने कापूस उडतो, पण खरं कारण आक्का म्हणाली तेच.

"मग आमी करायचं काय, आग दिसली तर?"

"दाराजवळ लाल डबा हाय. काच फोडायची. तिकडं घंटा वाजती."

"लगीच?"

"लगीच."

"मग काय भ्याव न्हाई," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. त्याच वेळी सांगायला हवं होतं की तार अजून टाकलेली नाही. मला लाज वाटली. बहिणीसमोर मोठा मिस्त्री झालो होतो ना! मी निमूट भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपारचे तीन वाजले असतील. ओसरीवर मी एकटाच. नाना बाजारात गेले होते. मी पॅनेलचं झाकण पुसत होतो आणि घंटा वाजली.

दचकलो, पण लगेच हातातलं फडकं टाकून पाहिलं. लाल दिवा... चार नंबरचा.

पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? राग आला. चार नंबरला तारच नाही, तो वाजेल कसा? नानांनी जुनी रिले दिली असणार, चिकटली असेल. उद्या साहेबासमोर असंच वाजलं तर आमची अब्रू जाणार. ऑफिसातून दिवाणजींनी डोकं बाहेर काढलं. मी हात हलवून म्हणालो, "काही नाही, काही नाही, टेस्टिंग आहे!" ते आत गेले. हे वाक्य माझ्या तोंडचं आहे.

चार नंबरचा डबा उघडला. आत मी काल लावलेला रेझिस्टर जागच्या जागी. गोडाऊनच्या केबलसाठी ठेवलेली भोकं रिकामी. रिले मात्र ओढली गेलेली. मी बोटाने तिची पट्टी मागे ढकलली. घंटा थांबली. बोट काढलं तर टक्! परत ओढली आणि घंटा सुरू. पुन्हा ढकलली, पुन्हा टक्. मी रेझिस्टरच काढून हातात घेतला. आता त्या डब्याला काहीच जोडलेलं नव्हतं. पिवळा दिवा लागायला हवा होता, पण लाल तसाच राहिला आणि घंटा वाजतच राहिली.

चिमटीत रेझिस्टर धरून मी त्या लाल दिव्याकडे बघत उभा होतो, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की चार नंबर म्हणजे आक्का.

मी पळालो. जिनाच्या शेडला वळसा घालून मागच्या बाजूला आलो. मुकादमाचा पत्ता नाही. दाराच्या फटीतून पांढरा धूर येत होता आणि आतून दार धडाधडा वाजत होतं... जिनाच्या आवाजात ते अगदी जवळ गेल्यावरच ऐकू आलं. कडी गच्च बसलेली. पक्कड मारून मारून ती वर सरकवली, आणि दार उघडताच बायका एकमेकींच्या अंगावर पडत बाहेर आल्या. खोकत होत्या, रडत होत्या. चौदा जणी होत्या, मी मोजल्या, कारण त्यांच्यात आक्का दिसत नव्हती. मी आत शिरणार तोच ती आली, एका म्हातारीला काखेत धरून. सगळ्यांत शेवटी.

मागच्या कोपऱ्यात जिनातून आणलेली रुई टाकलेली होती. तिच्यात ठिणगी दडून आली असावी. मग माणसं धावली, पाणी आलं. गोडाऊन निम्मं गेलं, माणूस एकही गेलं नाही.

आक्का लिंबाखाली बसली होती. उजव्या हाताला लुगड्याचा पदर गुंडाळलेला, आणि तो लाल झालेला. डब्याजवळ लटकवायची हातोडी मी अजून लावली नव्हती. तिने काच तळहाताने फोडली होती. मला बघून तिने पहिलं काय विचारलं असेल?

"वाजली का रं तुजी घंटा? आत आमाला काय ऐकू येईना."

मी म्हणालो, "वाजली, आक्का."

संध्याकाळी नाना आणि मी पॅनेलपाशी आलो. चार नंबरला पिवळा दिवा, तार नसल्यावर लागतो तसा. घंटा बंद. ती कधी थांबली हे कुणालाच सांगता आलं नाही. गोडाऊनमधल्या लाल डब्याची दोन टोकं भिंतीतून बाहेर आलेली, उघडी, हवेत. मी कंदील धरून ओसरीपर्यंतची जमीन वीत-वीत पाहिली. तार नव्हती. नानांनी मीटर लावून रिले तपासली, ती चांगली निघाली. मीटर पिशवीत टाकत ते म्हणाले, "कुणाला बोलू नकोस." मी त्यानंतर कधी डब्यात रेझिस्टर लावला नाही. त्यापायी दोन नोकऱ्या सोडल्या.

जिनाच्या मोटारींच्या इंडक्शनने, म्हणजे तार न जोडता बाजूच्या करंटच्या ओढीने झालं असेल, रिले गरम झाली असेल... हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय. पण रेझिस्टर माझ्या हातात होता. आणि इंडक्शन नेमकं तेव्हाच, नेमकं चार नंबरला?

दर भाऊबीजेला आक्का ओवाळायची तेव्हा कुंकू लावताना उजव्या तळहातावर काचेची पांढरी खूण दिसायची. मग नातवंडांना सांगायची, "ह्या मामाआजोबानं तार टाकली म्हनून तुमची आजी जित्ती हाय." पोरं माझ्याकडे कौतुकाने बघायची आणि मी ताटात ओवाळणी टाकून खाली बघायचो. सांगू सांगू म्हणता पन्नास दिवाळ्या गेल्या. शेवटी दवाखान्यात तिचा तोच हात माझ्या हातात होता, तेव्हाही नाही सांगितलं.

आज सांगतो. आक्का, तार नव्हती. मी खोटं बोललो होतो. तू काच फोडलीस आणि इकडे घंटा वाजली, एवढंच खरं आहे. कशी वाजली, ते तुझ्या मिस्त्री भावाला आजही माहीत नाही.