ताईशेजारची जागा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांचे उभे आयुष्य स्वतःच्या फोटो स्टुडिओत गेले. गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी किंचित उचलायची, कॉलर नीट करायची आणि "हलू नका" असे दरडावून कळ दाबायची, हा त्यांचा शिरस्ता. मात्र ताईबरोबर त्यांचा एकही फोटो नव्हता. स्वतःच्या लग्नातही वऱ्हाडाचा फोटो काढायला तेच उठले होते. त्या फोटोत ताईशेजारची खुर्ची रिकामी आहे.

स्टुडिओ कायमचा बंद केल्यावर आम्ही तिघे एका सहल कंपनीबरोबर प्राचीन बौद्ध लेणी पाहण्यास गेलो. बसमध्येच ताईने बजावले, "या खेपेस फोटो दोघांचा. नाहीतर मी खाली उतरणार नाही."

"नको उतरूस. तुला खिडकीतही टिपता येईल," दाजी म्हणाले.

शेवटच्या लेण्यात महापरिनिर्वाणाचे शिल्प होते. कुशीवर पहुडलेले बुद्ध आणि त्यांच्याभोवती शोकमग्न भिक्षू. दाजी बराच वेळ ते न्याहाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "एवढी माणसे, पण कोणाचा चेहरा कोणाच्या आड गेलेला नाही."

तेथे फ्लॅशला मनाई होती. पहारेकऱ्याच्या अनुमतीने दाजींनी जुना रिळाचा कॅमेरा स्टँडवर चढवला. अंधुक उजेडामुळे फोटो उमटेपर्यंत सर्वांनी काही क्षण निश्चल राहणे आवश्यक होते. त्यांनी सहलीतल्या मंडळींना दोन रांगांत उभे केले आणि सवयीने ते कॅमेऱ्यामागे गेले.

"इकडे या," ताई म्हणाली. "की पुन्हा लग्न लावावे लागेल?"

मंडळी हसली. दाजींनी पहारेकऱ्यास कळ कशी दाबायची ते समजावले आणि निमूटपणे ताईशेजारी येऊन उभे राहिले. "हलू नका," त्यांनी सर्वांना दरडावले. कळ दाबली गेली, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांना पुढच्या गृहस्थांची दुमडलेली कॉलर दिसली. ती नीट करायला ते पुढे झुकले.

घरी येऊन रीळ धुतले, तेव्हा अवघी मंडळी सुस्पष्ट होती. ताईच्या शेजारी तेवढा धुरकट पट्टा होता.

"वाया गेला," दाजी खिन्नपणे म्हणाले. "फाडून टाकतो."

"हात तर लावून पाहा. घरात तरी कधी एका जागी दिसलात?"

तो फोटो आता बैठकीच्या खोलीत आहे. रोज सकाळी दाजी दोन बोटांनी त्याची चौकट किंचित सरळ करतात.

"सरळच आहे ती," ताई आतून सांगते.